पोराला कोणत्या हायस्कुलात घालावे?

मृगाचे नक्षत्र जवळ आले की शेतकऱ्याच्या घरात दोन काळज्या एकदम सुरू होतात. एक बियाण्याची आणि दुसरी पोरांच्या शाळेची. बियाण्याच्या बाबतीत आपला माणूस मोठा चोखंदळ. चार दुकाने हिंडेल, दाणे तळहातावर घेऊन पाहील, गेल्या साली शेजाऱ्याच्या रानात काय उगवले ते विचारील, आणि मगच पिशवी उचलील. पण पोराला कोणत्या हायस्कुलात घालायचे, हा प्रश्न आला की तोच माणूस म्हणतो, "पाटलाचा पोरगा जातो ना, मग तिथंच घाला." झाले! बियाणे फसले तर एक हंगाम जातो. शाळा फसली तर काय जाते, ते ज्यांचे गेले आहे त्यांनाच विचारावे.

आणि हल्ली तर निवड पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. तालुक्याच्या गावी एक जुने अनुदानित हायस्कूल असते, एखाद-दुसरी विनाअनुदानित शाळा असते, आणि गावाबाहेरच्या माळावर मोठ्या कमानीची, पिवळ्या बसची, इंग्रजी नावाची आणखी एक शाळा उभी असते. प्रत्येकाचा फलक म्हणतो, आमचा निकाल शंभर टक्के. मग बापाने करावे काय?

मी इतिहासाचा मास्तर आहे. अमुक शाळा चांगली नि तमुक वाईट, हे मी सांगू शकत नाही. पण हा प्रश्न काही आजचा नव्हे. तुमच्या-माझ्या पणज्यांनी तो सोडवला आहे, कधी शहाणपणाने, कधी भीतीने, कधी पोटाला चिमटा घेऊन. त्यांनी शाळेची पारख कशावरून केली, तेवढे आज पाहू. त्यातून तुम्हाला काही उचलता आले तर उचला.

पुष्कळांची अशी समजूत असते की पूर्वी सगळ्या शाळा सरकारी होत्या आणि खाजगी शाळांचे पीक अलीकडे माजले. हे काही खरे नाही. इंग्रजी अमलात सरकारचे हायस्कूल बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, तेही एखादेच. बाकीचे माध्यमिक शिक्षण मुख्यतः खाजगी लोकांनीच उभे केले. आरंभी ते खाजगी लोक म्हणजे मिशनरी. डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईस इंग्रजी शाळा काढली. नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली काढली. पुण्यात स्कॉटिश मिशनची शाळा होती. शिकवणे चांगले, फीचा बोजा हलका, पुस्तके उत्तम. पण पालकांच्या पोटात एकच गोळा, तो म्हणजे पोर बाटले तर?

ही भीती अगदीच हवेतली नव्हती. १८३९ साली विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुंबईत गहजब झाला, खटला कोर्टात गेला, आणि लोकांनी आपली मुले त्या शाळेतून भराभर काढून घेतली. पुढे काही काळाने त्यांतली पुष्कळ मुले परतलीही, कारण तसे शिकवणारी दुसरी शाळा जवळपास नव्हती. पालकांचे असेच असते. रागावून पोर काढायला एक दिवस लागतो, आणि दुसरी शाळा शोधायला वर्ष जाते.

पुण्यात याच सुमारास एका फुलमाळ्याच्या घरी हाच पेच पडला होता. गोविंदराव फुले यांनी आपल्या जोतीला शाळेत घातले आणि लोकांच्या सांगण्यावरून काढलेही. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे, त्याने बागेत खपावे, असा तो सल्ला. मग शेजारच्या गफार बेग मुनशींनी आणि लिजिटसाहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले, ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. १८४७ पर्यंत तेथे शिकले. आता विचार करा. त्या बापाने शाळांची तुलना केली नव्हती, निकाल पाहिला नव्हता, इमारत पाहिली नव्हती. त्याने दोन शेजाऱ्यांचे ऐकले, पण ते शेजारी कोण, हे महत्त्वाचे. पोर काढ म्हणणारेही शेजारीच होते की!

याच जोतीरावांनी पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे लेखी निवेदन दिले. सरकारचा महसूल भरतो शेतकरी, आणि त्यातून शिक्षण मिळते वरच्या वर्गांच्या मुलांना, हा त्यांचा मुख्य मुद्दा. प्राथमिक शिक्षण काही वयापर्यंत सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा आणि त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, असे त्यांनी मागितले. शिक्षकबंधूंनी हे शेवटचे कलम लक्षात ठेवावे. शाळेच्या गुणवत्तेचा हिशेब मास्तरच्या पगारापासून सुरू होतो, हे त्या काळी त्यांनी सरकारला लिहून दिले होते.

हंटर कमिशनने मात्र एक दुसरीच वाट मोकळी केली. माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढावे आणि ते काम अनुदान देऊन खाजगी संस्थांकडे सोपवावे, अशी त्याची शिफारस होती. अनुदानाची पद्धत १८५४ च्या खलित्यापासूनच आलेली होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, मॅट्रिकची परीक्षा आली, आणि शाळा मोजायला एक माप लोकांच्या हाती सापडले. अमक्या शाळेची इतकी मुले मॅट्रिक झाली, तमक्या शाळेच्या मुलाने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप पटकावली, अशी चर्चा वाड्यावाड्यांतून चालायची.

पण या मापात एक खोट होती. मुंबई इलाख्यात शाळेला अनुदान मिळे ते निकालावर. इन्स्पेक्टरसाहेब वर्षातून एकदा यायचे, इयत्तावार परीक्षा घ्यायचे, आणि जितकी मुले पास तितकी ग्रँट. हे ऐकायला किती चोख वाटते! काम दाखवा नि पैसे घ्या. प्रत्यक्षात काय होई? ज्या मुलावर पैसे मिळतील त्याच्याकडे लक्ष, जो कच्चा त्याला वरच्या वर्गात चढवायचेच नाही. इन्स्पेक्टर काय विचारतील त्याची उत्तरे घोकून घ्यायची आणि पुस्तक मिटायचे. साहेब गेले की शाळा सैल. ही पद्धत लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीच्या अखेरीस मोडीत निघाली, म्हणजे सरकारलाही तिचा वीट येण्यास चाळीसेक वर्षे लागली.

म्हणून माझे आपले असे मत आहे की कोणी तुम्हाला शंभर टक्के निकाल सांगितला, तर आपण शांतपणे विचारावे, "नववीत किती मुलं होती हो, आणि दहावीच्या फॉर्मावर किती बसली?" गाळणी लावून काढलेला निकाल म्हणजे वरचे टपोरे दाणे दाखवून विकलेले पोते. त्या पोत्याच्या तळाशी तुमचे पोर असू शकते.

आता पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलकडे वळू, कारण आपल्याकडच्या खाजगी हायस्कुलांची खरी पेरणी तेथे झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे रत्नागिरीस सरकारी शाळेत मास्तर होते. त्यांनी ती नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात स्वतःची शाळा काढली. बाळ गंगाधर टिळक त्यांना येऊन मिळाले, माधवराव नामजोशी आले, नंतर वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर आले. आपटे म्हणजे ज्यांचा संस्कृत कोश आजही विद्यार्थी वापरतात ते. टिळक गणित शिकवीत. फळ्यावर सगळी पायरीपायरीने मांडामांड करण्यापेक्षा तोंडी उत्तर काढण्याकडे त्यांचा ओढा, त्यामुळे हुशार मुले खूष आणि मध्यम मुले घामाघूम. मोठा माणूस म्हणजे सगळ्याच मुलांना उत्तम शिक्षक, असे काही समीकरण नसते, हे जाता जाता सांगतो.

त्या वेळच्या पुण्यातल्या पालकाच्या जागी तुम्ही आहात अशी कल्पना करा. एकीकडे सरकारी हायस्कूल आहे. पक्की इमारत, सरकारी पगाराचे मास्तर, सरकारी शिक्का. दुसरीकडे पेठेतल्या जुन्या वाड्यात भरणारी शाळा, चालक पंचविशी-तिशीतले, जवळ पैसा नाही, आणि त्यातून सरकारच्या डोळ्यांत खुपणारे. १८८१ पासून तर हीच मंडळी 'केसरी' नि 'मराठा' ही पत्रेही चालवू लागली. १८८२ साली टिळक-आगरकर कोल्हापूर प्रकरणात तुरुंगात जाऊन आले. त्याच वर्षी विष्णुशास्त्री वारले. अशा शाळेत पोर घालाल का?

लोकांनी घातले. शाळा अशी भरली की १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. ते केवळ देशभक्तीपोटी झाले असे समजू नका. बाप आपले पोर निव्वळ देशभक्तीपोटी कोठे घालत नाही. त्यांनी एक गोष्ट पाहिली असावी. या शाळेतला मास्तर उद्या बदलीवर जाणार नव्हता. सोसायटीच्या आजीव सभासदाने वीस वर्षे संस्थेत काम करायचे, बेताच्या पगारात भागवायचे, अशी अट होती. आगरकरांनी एम. ए. होताना आईला लिहिलेल्या पत्राची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा ठेवू नकोस, असे सांगणारे ते पत्र. अशी माणसे ज्या शाळेत टिकून राहतात, तेथे पहिलीला शिकवलेला मुलगा मॅट्रिकला जाईपर्यंत मास्तर त्याला ओळखत असतो.

या सुताला गाठही पडली, तीही सांगितली पाहिजे. आजीव सभासदाने बाहेरची मिळकत करावी की नाही, या वादातून आणि इतर मतभेदांतून टिळकांनी १८९० साली सोसायटीचा राजीनामा दिला. शाळा मात्र चालू राहिली. गोपाळ कृष्ण गोखले तेथेच गणित शिकवीत होते, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक हायस्कुलांतून पुढे कित्येक वर्षे चालले. एक मोठा माणूस गेला म्हणून संस्था मोडली नाही. एखादी शाळा एका माणसाच्या नावावर उभी आहे की मंडळाच्या शिस्तीवर, हे पालकाने जरूर पाहावे. मॅनेजिंग कमिटीत चुलता, पुतण्या नि मेहुणा एवढेच असले, तर त्या घरातल्या भांडणाचा पहिला मार तुमच्या पोराच्या अभ्यासाला बसतो.

राष्ट्रीय शाळांची हकीकत जरा वेगळी. वंगभंगाच्या चळवळीत, १९०६ साली, प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनी समर्थ विद्यालय काढले. ते तळेगाव दाभाड्यास नावारूपाला आले. मराठीतून शिक्षण, हातकाम, शरीरश्रम, स्वदेशी. आज ज्या गोष्टी आपण नव्या म्हणून मिरवतो त्यांतल्या पुष्कळ तेथे होत्या. पण सरकारने १९१० साली ते विद्यालय बंद केले. मुले वाऱ्यावर पडली. ज्या पालकांनी तेथे मुले घातली त्यांनी फार मोठी किंमत मोजली, कारण मॅट्रिकच्या शिक्क्याशिवाय कारकुनीसुद्धा मिळत नसे. त्यांना कोणी खुळे म्हणू नये. त्यांनी समजून-उमजून धोका पत्करला होता. आज मात्र असे दिसते की मान्यता नसलेल्या शाळेत लोक मुले घालतात ती न समजता, आणि दहावीच्या वर्षी दुसऱ्याच शाळेच्या नावावर फॉर्म भरायची वेळ आली की डोळे उघडतात. शाळेला कोणत्या इयत्तेपर्यंत मान्यता आहे, तिचा यू-डायस क्रमांक काय, ती कोणत्या बोर्डाला जोडलेली आहे, हे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेतो का?

मुलींचे काय, असे माझ्या भगिनी विचारतील. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित आदी मंडळींनी पुण्यात मुलींचे हायस्कूल काढले. तेच पुढे हुजूरपागा म्हणून नावाजले. या शाळेवर टीकेची झोड उठली. तिच्या वेळेवर, तिच्या अभ्यासक्रमावर, इंग्रजी शिकवण्यावर. टीका करणाऱ्यांत 'केसरी' आघाडीवर होता, म्हणजे स्वतः नव्या शाळा काढणारेच मुलींच्या शाळेला मोडता घालीत होते. इतिहासात असे पुष्कळ सापडते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलींना हायस्कुलात धाडणाऱ्या त्या पहिल्या पालकांना रस्त्यावरून जाताना काय काय ऐकावे लागले असेल याची आपण कल्पनाच करावी. आज खेड्यातल्या मुलीची शाळा सुटते ती टीकेने नव्हे, एस. टी.च्या वेळापत्रकाने सुटते. संध्याकाळची गाडी चुकली की बाप म्हणतो, पुरे झालं. म्हणून मुलीसाठी शाळा पाहताना फळ्याच्या आधी तिची सुटायची वेळ आणि गाडीची वेळ पाहावी, आणि स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाणी आहे का ते आईने स्वतः जाऊन पाहावे.

आता मी माझ्या आवडत्या विषयावर येतो, तो म्हणजे बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाच्या बाबतीत शाळा कोणती, यापेक्षा तो राहील कोठे नि जेवील कोठे, हाच प्रश्न मोठा. पुण्या-कोल्हापुरात हायस्कूल होते, पण शिरोळ-गडहिंग्लजच्या कुणब्याच्या पोराला त्याचा उपयोग काय? वार लावून जेवावे तर तेही जातीच्या घरीच. शाहू महाराजांनी हे बरोबर हेरले. १८९६ च्या सुमारास कोल्हापुरात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. दार सगळ्यांना उघडे होते, पण आत राहिली ती ब्राह्मण मुलेच. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग घेतला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात एकामागून एक उभी राहिली. जातवार वसतिगृहे का, असे आज कोणी विचारील. महाराजांचा हिशेब सरळ होता. आधी पोर शहरात टिकले पाहिजे, पुढचे पुढे.

त्यांतल्याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक आडदांड मुलगा राहत होता. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला म्हणून बोर्डिंगात त्याला स्नान करायला सांगितले, त्याने ते मानले नाही, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रात सांगतात. बोर्डिंगने मुलाला काय दिले? शिकण्याची सोय दिली, आणि जेथे जातीची भिंत आहे तेथे आपण राहायचे नाही हा धडाही दिला, तो मात्र न मागता.

या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. पैसा कोठून आणायचा? मुलांनी पाणी भरावे, लाकडे फोडावी, शेतात राबावे, स्वयंपाक करावा. गावोगाव बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत, त्याला मुष्टिफंड म्हणत. सणासुदीला मुलांना जेवायला काही उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. शाळेच्या इतिहासात अशा बायांची नावे फलकावर क्वचितच येतात.

१९४० साली साताऱ्यास संस्थेचे पहिले हायस्कूल निघाले, महाराजा सयाजीराव हायस्कूल. पोटापुरते राबायचे आणि शिकायचे. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज सर्रास वापरले जातात, त्यामागे या मुलांच्या हातांचे घट्टे आहेत. बापाला फी परवडत नाही, हे कारण भाऊरावांनी कारण म्हणून शिल्लकच ठेवले नाही. त्यापुढे शाळांची तुलना करायची ती कशी? एका शाळेत फी कमी, दुसरीत जास्त, आणि ही तिसरी अशी, की जेथे मुलाच्या घामाची फी म्हणून नोंद होते.

अशी संस्थाही सरकारच्या मर्जीवर होतीच. १९४८ साली, गांधीहत्येनंतरच्या तापलेल्या दिवसांत, भाऊरावांच्या भाषणांवरून मुंबई सरकारने संस्थेची ग्रँट बंद केली. लोकांत फार खळबळ झाली, संस्थेने लोकवर्गणीवर दिवस काढले, आणि पुढे ग्रँट पुन्हा सुरू झाली. भाऊरावांनी मात्र गांधीजींच्या स्मरणार्थ एकशेएक हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला, आणि तो पुरा करण्याच्या उद्योगाला लागले. १९५९ साली ते वारले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हायस्कूल पायी जाण्याच्या अंतरावर आले होते. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली काढलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने असेच काम केले. त्याच सुमारास, पन्नासच्या दशकाच्या शेवटी, आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. खेड्यात तिला ई. बी. सी. म्हणत. माझ्या पिढीच्या वडील मंडळींपैकी कितीतरी जण त्या तीन अक्षरांवर मॅट्रिकपर्यंत पोचले.

म्हणजे पाहा, खाजगी शाळा हा शब्द एकच, पण त्याचे अर्थ किती! मिशनची शाळा खाजगी, चिपळूणकरांची खाजगी, भाऊरावांची खाजगी, आणि ऐंशीच्या दशकानंतर ज्या विनाअनुदानित शाळा वाढल्या त्याही खाजगीच. अनुदान नाही म्हणजे मास्तरचा पगार तुमच्या फीतून. फी भरपूर आणि मास्तरच्या हाती तुटपुंजे, असे जेथे असेल तेथे मास्तर दरवर्षी बदलणार. स्टाफरूमच्या दाराशी उभे राहून सहज विचारावे, "गुरुजी, आपण इथं किती वर्षं आहात?" चारांपैकी तीन जण म्हणाले 'यंदाच लागलो', तर कमानीची उंची पाहण्यात अर्थ नाही. फीबद्दलही पालकाला वाटते तितका तो निराधार नाही. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमनाचा कायदा आहे, आणि फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला त्यात स्थान आहे. पण त्या समितीच्या निवडीला आपण जातो का? सोसायटीच्या निवडणुकीला जितके लोक जमतात त्याच्या निम्मे तरी जमावेत.

शिक्षकांना एक विनंती. पालक शाळा पाहायला आला की त्याला ऑफिसात बसवून माहितीपत्रक देऊ नका. त्याला वर्गात मागच्या बाकावर बसवा, दहा मिनिटे. त्याला इंग्रजी कळत नसेल, पण पोरे घाबरून गप्प आहेत की गुंग होऊन गप्प आहेत, हे जनावरे राखणाऱ्या माणसाला चांगले कळते.

शेवटी एका बापाची हकीकत सांगतो. रामजी सुभेदार सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले. मुलगा भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात १९०० साली दाखल झाला. पुढे कुटुंब मुंबईस आले, परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. मुंबईत भीमराव आधी मराठा हायस्कुलात गेला, मग रामजींनी त्याला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. इलाख्यातल्या नामांकित शाळांत तिची गणना. शाळा सरकारी, नाव मोठे, निवड बिनचूक. तरीही त्या शाळेत काय घडले? भीमराव फळ्याजवळ गणित सोडवायला निघाला, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी ते धावत जाऊन हलवले. संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली.

रामजींच्या हाती जे होते ते त्यांनी केले. खोलीत जागा नाही, म्हणून मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागत, आणि पहाटे दोनला त्याला उठवून दिव्यापाशी बसवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना गहाण टाकीत, पेन्शन आली की सोडवून परत करीत. आणि शाळेतून सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत असत. ते शिक्षक आणि ग्रंथकार, पण भीमरावाच्या शाळेतले नव्हेत. रोज एक मुलगा एकटाच पुस्तकात डोके घालून बसलेला पाहून त्यांनी एके दिवशी त्याची चौकशी केली, आणि मग त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाला, त्याच्या सत्काराची सभा भरली, तेव्हा केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी त्याला घेऊन गेले तेही केळुसकरच.